चिपाडात उतरलेला रंग: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अध्यक्षांस खुले पत्र

मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई
यांस,

आपल्या दप्तरी पंचगंगेविषयीच्या अर्जांची, तक्रारींची आणि पंचनाम्यांची वाण असेल असे वाटत नाही, आणि त्या ढिगात आणखी एका तक्रारीची भर घालावी असाही प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. या पत्राचा विषय एक उपाय हा आहे. परंतु तो उपाय ज्या रीतीने अलीकडे सांगितला जातो ती रीत अर्धीमुर्धी असल्यामुळे, मंडळाने तो घाईने उचलला काय किंवा घाईने फेटाळला काय, दोन्ही परींनी नुकसानच संभवते, म्हणून हा लेखनप्रपंच. उपाय थोडक्यात असा, की शेतीतून आणि शेतमालावरील उद्योगांतून निघणारा टाकाऊ माल, म्हणजे उसाचे चिपाड, लाकडाचा भुसा, भाताचा तूस, भुईमुगाची टरफले असले जिन्नस, त्यांवर काही रासायनिक संस्कार करून, कापड रंगविणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यात घालावे आणि त्या पाण्यातील रंग त्यांच्या अंगी उतरवून घ्यावा.

या उपायाला कोल्हापूर जिल्ह्याइतकी अनुकूल भूमी दुसरी शोधू गेल्यास क्वचितच सापडेल. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी घेऊन प्रयाग चिखलीपासून पंचगंगा म्हणून वाहू लागलेली ही नदी नरसोबावाडीस कृष्णेला मिळेपर्यंत जो मुलूख भिजवते, त्याच्या शिवारात ऊस आहे, गावोगाव गुऱ्हाळे आहेत, साखर कारखान्यांची धुराडी आहेत. आणि याच मुलखात, १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसविल्यापासून वाढत गेलेले, आज महानगरपालिकेच्या दर्जास पोहोचलेले इचलकरंजी शहर आहे, जेथे सुताला खळ दिली जाते, कापड विणले जाते, ते धुतले जाते आणि रंगविले जाते. चिपाड आणि रंगीत पाणी ही दोन्ही इतक्या जवळ असूनही त्यांची गाठ घालून देण्याचा विचार आजवर प्रयोगशाळेच्या उंबऱ्याबाहेर फारसा आलेला नाही, याचे कारण केवळ सरकारी दिरंगाई आहे असे मानणे सोयीचे असले तरी न्यायाचे होणार नाही. कारणे या विद्येच्या पोटातच आहेत आणि ती समजून घेतल्यावाचून आपल्याकडे काही मागणे हा उतावीळपणा ठरेल.

प्रथम रंगाविषयी. सुती कापडाच्या रंगखात्यात आज ज्या रंगांचे राज्य आहे ते 'रिअॅक्टिव्ह' रंग इंग्लंडमध्ये इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीतील रॅटी आणि स्टीफन या दोघा रसायनज्ञांनी १९५४ साली शोधून काढले आणि १९५६ पासून ते बाजारात आले. त्यांच्यापूर्वीचे बहुतेक रंग कापसाच्या तंतूला चिकटत असत किंवा त्याच्या आत अडकून बसत. हे नवे रंग तंतूशी रासायनिक बंधाने जोडले जातात, म्हणून धुण्याला टिकतात आणि त्यांच्या छटाही तेजस्वी असतात. परंतु ज्या क्रियाशीलतेमुळे ते कापसाशी जोडले जातात, तीच क्रियाशीलता त्यांना पाण्याशीही जोडू शकते. आणि एकदा पाण्याशी संयोग पावलेला, म्हणजे जलीय विच्छेदन झालेला रंग कापसाच्या दृष्टीने निकामी होतो. तो पुन्हा रंगाच्या कुंडीत घालता येत नाही, कापडावर राहू देता येत नाही. त्याला साबणाच्या उकळत्या पाण्याने धुऊन काढावेच लागते, नाहीतर पहिल्याच धुण्यात गिऱ्हाईकाच्या बादलीत तो सुटतो. रंगाच्या जातीप्रमाणे आणि डाईंग मास्तरच्या कौशल्याप्रमाणे घातलेल्या रंगापैकी दहा टक्क्यांपासून कधी तीस-चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग असा वाया जातो. इचलकरंजीच्या ओढ्यात जे लाल, निळे, काळे पाणी आपले अधिकारी पाहतात ते गिऱ्हाईकाने मोल दिलेल्या, पण कापडाला न लागलेल्या रंगाचे आहे, आणि तो रंग सूर्यप्रकाशाला, साबणाला आणि सूक्ष्मजीवांना दाद देऊ नये अशाच हेतूने निर्माण केलेला असल्यामुळे सांडपाण्याच्या केंद्रातील नेहमीच्या जैविक टाकीत तो पुष्कळसा अबाधित राहतो.

दुसरी गोष्ट मिठाची. कापसाचा तंतू पाण्यात ऋणभार धारण करतो आणि हे रंगही ऋणभारितच असतात. सारख्या भारांचे परस्परांशी जमत नाही, म्हणून त्यांची सोयरीक जुळविण्यासाठी कुंडीत मीठ घालावे लागते, गडद छटांना तर लिटरमागे पन्नास ते ऐंशी ग्रॅम, आणि पुढे रंग पक्का होण्यासाठी सोडा घालून पाणी तीव्र अल्कधर्मी करावे लागते. हे मीठ कापडावर राहत नाही, रंगात राहत नाही, कोठेच खर्ची पडत नाही. जेवढे घातले तेवढे ओढ्याकडे निघते. मिठाची ही हकिकत आपण ध्यानात ठेवावी अशी विनंती आहे, कारण पुढे जो गुंता उभा राहतो त्याचे एक टोक येथे आहे.

आता उपायाच्या इतिहासाकडे वळू. घन पदार्थाच्या पृष्ठभागावर विरघळलेले द्रव्य ओढले जाऊन साचावे या क्रियेस आपण अधिशोषण म्हणतो. तिचा उपयोग रंग काढण्याकडे प्रथम कोणी केला तर सेंट पीटर्सबर्गच्या लोवित्झने, १७८५ साली, कोळशाच्या साहाय्याने टार्टारिक आम्लाचे द्रावण स्वच्छ करून. आणि तो प्रयोग उद्योगाच्या पदवीस नेला तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील साखर शुद्ध करणाऱ्या कारखानदारांनी, हाडांचा कोळसा वापरून. पाण्यातून रंग शोषून घेण्याची विद्या साखरेच्याच घरात वाढली, हे उसाच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला सांगताना एक प्रकारचे समाधान वाटते. पुढे क्रियाशील कार्बन आला. तो उत्तम काम करतो, परंतु महाग पडतो आणि तो पुन्हा कामास लायक करायचा तर भट्टी लागते. तेव्हा या महाग कार्बनाच्या जागी काही स्वस्त माल चालेल काय, असा प्रश्न निघाला आणि १९७६ साली बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील पूट्स, मॅके आणि हीली यांनी दलदलीतील पीट आणि लाकडाचा भुसा यांवर आम्लरंग उतरवून दाखविले. त्यानंतरच्या अर्धशतकात जगातील, आणि विशेषतः आपल्या देशातील, महाविद्यालयांनी या विषयावर निबंधांचा असा पाऊस पाडला की चिंचोके, संत्र्याची साल, केळीचा सोपट, कडुनिंबाचा पाला, शेंगांची टरफले, नारळाच्या काथ्याचा भुगा, यांपैकी एकही वस्तू परीक्षानळीत जायची राहिली नसावी.

या निबंधांबद्दल एक शेरा मारल्यावाचून राहवत नाही. त्यांपैकी फार मोठ्या संख्येच्या निबंधांतला रंग 'मेथिलीन ब्लू' हा आहे. तो प्रयोगशाळेत सहज मिळतो, त्याचे मोजमाप सोपे आहे, आणि तो धनभारित आहे. वनस्पतीच्या कोशभित्तिकेतील सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांचा पृष्ठभाग ऋणभारित असल्यामुळे कोणताही भुसा मेथिलीन ब्लूला आपण होऊन जवळ करतो, आणि अभ्यासकाच्या वहीत नव्वद-पंच्याण्णव टक्क्यांचा सुंदर आकडा उतरतो. पण इचलकरंजीच्या ओढ्यात मेथिलीन ब्लू वाहत नाही. तेथे जो रंग वाहतो तो ऋणभारित आहे, त्याच्याबरोबर मीठ आहे, सोडा आहे, सायझिंगमधून आलेली खळ आहे, साबण आहे; आणि अशा पाण्यात तोच भुसा टाकला तर तो बहुधा हात झटकून बसतो, एवढेच नव्हे, कच्च्या भुशातून टॅनिनासारखी द्रव्ये सुटून पाण्याला स्वतःचाच एक तांबूस रंग चढतो. मंडळापुढे उद्या कोणी या उपायाचा प्रस्ताव घेऊन आला, तर कोणता रंग, कोणत्या पाण्यात, हा पहिला प्रश्न आपण विचारावा. त्या एकाच प्रश्नाने अर्धे प्रस्ताव टेबलावरच निकालात निघतील.

संस्कारित चिपाडाचे महत्त्व येथे कळते. चिपाडाच्या सेल्युलोजवर योग्य रसायनांची क्रिया करून त्याच्या अंगावर चतुर्थक अमोनियम गट बसविला, की त्याचा भार पालटतो. ऋणभारित चिपाड धनभारित होते आणि ज्या रंगाला ते दूर लोटत होते त्यालाच खेचू लागते. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत जोसेफ लास्लो यांनी नेमके हेच उसाच्या चिपाडावर केले आणि रिअॅक्टिव्ह रंग काढणारी आयन-विनिमयी रेझीन म्हणून त्याचे वर्णन १९९६ साली प्रसिद्ध केले. साखरेच्या धंद्यातील जाणत्यांना यात अपरिचित असे काही वाटणार नाही, कारण शुद्ध साखर बनविणाऱ्या आधुनिक कारखान्यांत पाकाचा तपकिरी रंग काढण्यासाठी ज्या कृत्रिम रेझिनी वापरतात त्यांच्या अंगावरही बहुधा हाच गट असतो आणि मिठाच्या द्रावणाने धुऊन त्या पुन्हा कामावर रुजू करतात. याउलट धनभारित रंग काढायचे असतील, जसे अॅक्रिलिक धाग्यावरचे, तर सायट्रिक आम्लाची क्रिया करून भुशाचा ऋणभार वाढवितात. आणि टॅनिन सुटू नये म्हणून भुशाला फॉर्माल्डिहाइड किंवा गंधकाम्ल देण्याचे प्रयोग आपल्याकडेही झाले आहेत.

परंतु संस्कार म्हटला की त्याचे मोल आणि त्याचे पाप ही दोन्ही आली. धनभार बसविण्यासाठी वापरात असलेल्या रसायनांपैकी एपिक्लोरोहायड्रिन हे मनुष्यात कर्करोग उत्पन्न करण्याचा दाट संभव असलेले द्रव्य म्हणून गणले गेले आहे. फॉर्माल्डिहाइडबद्दल तर संभव हा शब्दही आता उरलेला नाही. नदीतील रंग काढण्यासाठी एखाद्या शेडमध्ये हातमोज्यांवाचून काम करणाऱ्या मजुराच्या फुफ्फुसात हे विष भरले जाणार असेल आणि त्या संस्काराचे धुणे पुन्हा त्याच ओढ्यात जाणार असेल, तर हा व्यवहार कोणत्या ताळेबंदात नफ्याचा दाखवावा? म्हणून सौम्य संस्कारांकडे वळणाऱ्या संशोधनाला अधिक मान द्यावा असे वाटते, आणि त्यातील एक महत्त्वाचा प्रयत्न कोल्हापुरातच झालेला आहे. शिवाजी विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागात डॉ. संजय गोविंदवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगांच्या जैविक विघटनावर अनेक वर्षे काम केले. त्या कामाचा एक भाग म्हणून चिपाडाला कॅल्शियम क्लोराइडचा, म्हणजे एका स्वस्त आणि निरुपद्रवी लवणाचा, संस्कार देऊन त्यावर कापडाचे रंग उतरविण्याचा आणि मग त्या रंगलेल्या चिपाडावर सूक्ष्मजीव वाढवून, घनस्थितीतील किण्वनाने, तो रंग तेथल्या तेथे मोडून काढण्याचा प्रयोग त्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केला. या प्रयोगाचे मर्म कॅल्शियमात नसून त्याच्या दुसऱ्या पायरीत आहे, आणि तेच या पत्राचे मुख्य सांगणे आहे: पाण्यातून निघालेला रंग पुढे कोठे जातो, याचा जाब विचारल्याखेरीज मंडळाने या जातीच्या कोणत्याही उपायास संमती देऊ नये.

कारण हिशेब असा आहे. समजा, लिटरमागे शंभर मिलिग्रॅम रंग असलेले दहा लाख लिटर पाणी रोज येते. म्हणजे रोज शंभर किलो रंग. संस्कारित चिपाडाच्या एका ग्रॅमने, मीठ, खळ आणि साबण यांच्या गर्दीत, प्रत्यक्षात पन्नास मिलिग्रॅम रंग धरला असे उदार मनाने गृहीत धरले, तरी रोज दोन टन कोरडे चिपाड लागेल. आणि ते बाहेर पडेल तेव्हा पाणी पिऊन कितीतरी जड झालेले, रंगाने माखलेले आणि लवकर कुजण्याच्या बेतात असलेले असेल. ही एका मध्यम प्रवाहाची गोष्ट झाली. संबंध शहराचे रंगपाणी असे धुऊन काढायचे म्हटले तर रोजच्या रोज ट्रकांची रांग लागेल, आणि त्या ट्रकांनी कोठे जावे हे सांगणारा एकही निबंध सहसा हाती येत नाही. बहुतेकांचा समारोप, हे अधिशोषक स्वस्त आणि पर्यावरणस्नेही आहे, या वाक्यावर होतो. बांधावर टाकावे तर पहिल्या पावसात रंग आणि मीठ पुन्हा ओढ्यात. खतात घालावे तर रंगाच्या रेणूतील अॅझो बंध प्राणवायूवाचून तुटून त्यांतून ज्या अॅमिनी निघतात त्यांपैकी काही मूळ रंगाहून घातक असतात. बॉयलरमध्ये जाळावे, ही सूचना सर्वांत लोकप्रिय आहे आणि सर्वथा टाकाऊही नाही. परंतु रंगातील गंधक, नायट्रोजन आणि क्लोरिन, आणि काही छटांतील तांब्यासारखे धातू, हे धुरात आणि राखेत कोणत्या प्रमाणात उतरतात याचे मोजमाप केल्यावाचून ती सूचना मान्य करणे म्हणजे पाण्याचे प्रदूषण हवेच्या खात्यावर वर्ग करणे होय.

येथे कायद्याचाही एक पेच आहे. सांडपाण्यावरील प्रक्रियेतून निघणारा रासायनिक गाळ २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत नोंदलेला आहे, आणि तो रीतसर विल्हेवाट केंद्राकडे पाठविण्याचा खर्च कारखानदाराच्या अंगावर येतो. रंगलेले चिपाड हे त्या गाळाच्या सदरात मोडते, की ते शेतीतील अवशेषच राहते, की त्याला इंधन म्हणावे? या प्रश्नाचे उत्तर जोपर्यंत मंडळ लेखी देत नाही, तोपर्यंत कोणीही शहाणा प्रोसेसवाला या भानगडीत पडणार नाही, आणि जो पडेल तो रात्रीच्या अंधारात चिपाड कोठेतरी रिकामे करील. उपाय लोकप्रिय होण्याआधीच हा खुलासा झालेला बरा.

चिपाड टाकाऊ आहे, या समजुतीचीही थोडी झाडाझडती घेणे आवश्यक आहे. ज्या काळी कारखान्याच्या आवारात चिपाडाचे डोंगर साचत आणि त्यांना आगी लागत, त्या काळी ते टाकाऊ होते. आता गाळलेल्या उसाच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के निघणारे, निम्मे ओले असलेले हे बगॅस कारखान्याच्या बॉयलरचे मुख्य इंधन आहे, त्यावर सहवीजनिर्मितीचे संच चालतात, कागद कारखान्यांकडून त्याला मागणी असते आणि त्याचा भाव हंगामाप्रमाणे चढतो-उतरतो. गुऱ्हाळातले चिपाडही चुलवणात जाते. जो माल विकला जातो त्यास कचरा म्हणून त्याची किंमत शून्य धरणारा हिशेब खोटा आहे. खरा टाकाऊ माल शोधायचा तर तो अन्यत्र आहे: कागदासाठी बगॅस घेताना वेगळा काढावा लागणारा त्याचा मऊ गाभा, बॉयलरची राख, लाकूडकटाईच्या गिरण्यांतील भुसा, आणि पंचगंगेच्याच पाण्यावर पसरणारी, दरवर्षी पैसे मोजून बाहेर काढावी लागणारी जलपर्णी. जलपर्णीवर रंग उतरवून पाहण्याचे प्रयोगही झालेले आहेत. नदीच्या एका दुखण्याने दुसऱ्या दुखण्याची चिकित्सा व्हावी ही कल्पना मनाला भुरळ घालते, म्हणूनच तिच्याकडे दुप्पट सावधपणे पाहावे.

आता मिठाचे जे टोक मागे सोडले होते ते हाती घेऊ. जे मीठ रंगाला कापसाकडे रेटते, तेच मीठ धनभारित चिपाडावरील जागा अडवून रंगाला तेथे बसू देत नाही, आणि अधिशोषण कितीही चांगले झाले तरी ते स्वतः पाण्यातच राहते. याचा एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो, जो सांडपाण्याच्या केंद्राच्या तोंडाशी उभे राहून दिसत नाही, रंगखात्यात जिगरजवळ, म्हणजे कापड रंगविण्याच्या यंत्राजवळ, उभे राहिले तरच दिसतो. रंगाच्या कुंडीचे पहिले पाणी आणि त्यानंतरची एक-दोन धुणी यांत मीठ भरपूर असते. पुढच्या साबणाच्या धुण्यांत मीठ फारसे नसते, पण निकामी झालेला रंग मोठ्या प्रमाणात सुटतो. ही दोन पाणी आज एकाच गटारात मिसळतात आणि मिसळली की दोहोंवरचा इलाज अवघड होतो. ती जर कारखान्याच्या आतच दोन नळांनी वेगळी काढली, तर खाऱ्या पाण्याचा प्रश्न पटलगाळणी आणि बाष्पीभवन यांच्या मार्गाने स्वतंत्र हाताळता येईल आणि कमी मिठाचे, मध्यम रंगाचे धुणे हे संस्कारित चिपाडाला खरोखर झेपणारे काम ठरेल. चिपाडाची जागा नदीकाठच्या अजस्र टाकीत नसून प्रत्येक रंगखात्याच्या मागच्या भिंतीलगतच्या नळकांड्यात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. (जाता जाता एक गंमत: ज्या जातीच्या रसायनांनी चिपाड रंगाचे भुकेले होते, त्यांनीच कापूसही तसा करता येतो आणि मग कुंडीत मीठ जवळजवळ लागतच नाही. ही पद्धती ज्ञात आहे, महाग आहे आणि रंग एकसारखा चढविणे तिच्यात अवघड जाते. तरी इचलकरंजीच्या डीकेटीई सारख्या वस्त्रतंत्राच्या संस्थेने तिचा पाठपुरावा करण्यासारखा आहे.)

मोजमापाविषयी दोन शब्द. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये कापडउद्योगाच्या सांडपाण्यासाठी जी मानके ठरविली त्यांत रंगाची मर्यादा १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकके अशी आहे, आणि विरघळलेल्या क्षारांची लिटरमागे २,१०० मिलिग्रॅम. पहिले मानक ज्या मोजपट्टीवर उभे आहे ती मुळात पिण्याच्या आणि नदीच्या पाण्यातील पिवळट-तपकिरी झाक मोजण्यासाठी केलेली आहे. निळ्या किंवा किरमिजी पाण्याची तिच्याशी तुलना करणे म्हणजे तागडीने लांबी मोजणे होय. रंगाच्या छटेवर अवलंबून न राहणारी, वर्णपटाच्या अनेक तरंगलांबींवर वाचन घेणारी पद्धत अन्यत्र रूढ आहे. ती मंडळाच्या प्रयोगशाळांनी निदान जोडीला वापरावी, नाहीतर एखादा अधिशोषक एका छटेवर नापास आणि दुसरीवर उत्तीर्ण ठरेल आणि दोन्ही निकाल तितकेच अविश्वसनीय असतील.

आणि न्यायासाठी हेही नमूद करावयास हवे, की नदीच्या सर्व व्याधी रंगाच्या माथी मारता येत नाहीत. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची जी साथ उसळली ती मैलापाण्याची करणी होती. पंचगंगेवरील तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी जे मासे मरून तरंगतात त्यांच्या मृत्यूचे कारण प्राणवायूची टंचाई हे असते, आणि ती आणण्यात शहरांचे सांडपाणी, साखर आणि मद्यार्क कारखान्यांची मळी या सर्वांचाच हात असतो. इचलकरंजीच्या काळ्या ओढ्यातील रंग डोळ्यांना दिसतो म्हणून तो वर्तमानपत्रांत छापून येतो. रंग नाहीसा झाला आणि बाकीचे सर्व तसेच राहिले, तर छायाचित्रे निघायची थांबतील, एवढेच होईल. म्हणून रंगाच्या यशाचे प्रशस्तिपत्र देताना जैविक आणि रासायनिक प्राणवायू-मागणीचे आकडे त्याच कागदावर मागून घ्यावेत. कच्च्या भुशातून द्रव्ये सुटतात हे वर आलेच आहे, आणि तशी द्रव्ये सोडणारे कच्चे चिपाड स्वतःच ती मागणी वाढवू शकते.

इतके सर्व आक्षेप मांडल्यावर मग हा उपाय मंडळाने का उचलावा, असे आपण विचाराल. तो यासाठी, की इचलकरंजीतील पुष्कळशी रंगखाती लहान आहेत. त्यांना पटलगाळणीचा भांडवली खर्च एकट्याने झेपत नाही, आणि चुना-तुरटीने रंग बसवावा तर गाळाचे डोंगर साचतात. ज्याची यंत्रे साधी आहेत, ज्याचा कच्चा माल दहा कोसांत आहे आणि ज्यावर काम केलेली माणसे कोल्हापूरच्या विद्यापीठात आहेत असा उपाय त्यांच्या दारात येऊन उभा असताना तो केवळ कोणी तपासला नाही म्हणून वाया जावा, हे बरे नव्हे.

तेव्हा मंडळापुढे मागणे ठेवतो ते असे. दोन-तीन लहान रंगखात्यांत, मालकांच्या संमतीने, साबणाच्या धुण्याचे पाणी वेगळे काढून, संस्कारित चिपाड किंवा त्याचा टाकाऊ गाभा भरलेले स्तंभ किमान एक गाळप हंगाम आणि एक पावसाळा चालवून पाहावेत. पाणी मिश्र रंगांचे आणि प्रत्यक्ष कुंडीतले असावे, प्रयोगशाळेत कालविलेले नसावे. संस्काराची पद्धती शिवाजी विद्यापीठाने आणि मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेने मिळून निवडावी, आणि एपिक्लोरोहायड्रिन लागणारी पद्धती निवडायचीच असेल तर ती एका बंदिस्त ठिकाणी, जाणत्या रसायनज्ञाच्या देखरेखीखाली व्हावी, दहा शेडांत विखरून होऊ नये. रंगलेले चिपाड किती निघाले, किती वेळा धुऊन पुन्हा वापरता आले, किण्वनाने त्यातला किती रंग मोडला, जाळल्यावर धुरात आणि राखेत काय आले, याची रुजुवात मंडळाच्याच प्रयोगशाळेने करावी आणि आकडे, अपयशाचे असले तरी, मराठीतून प्रसिद्ध करावेत, म्हणजे ते डाईंग मास्तरलाही वाचता येतील आणि शिरोळच्या शेतकऱ्यालाही. प्रयोगाच्या मुदतीत त्या रंगखात्यांना केवळ या स्तंभांच्या चुकीबद्दल नोटिसा काढू नयेत, आणि मुदत संपताच त्यांना कोणतीही सवलत राहू नये. आणि रंगलेल्या चिपाडाचे कायदेशीर सदर ठरविणारे परिपत्रक प्रयोगाच्या आधी निघावे, नंतर नव्हे.

हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. नळ वेगळे काढणे, स्तंभ बसविणे आणि मंजुरीचे कागद फिरणे यांस जो अवधी लागतो तो पाहता, यंदाच्या गाळपाबरोबर प्रयोग सुरू व्हावयाचा असेल तर मंडळाच्या कोल्हापूर येथील कार्यालयास सूचना पावसाळ्यातच गेल्या पाहिजेत.

कळावे.

आपला नम्र,
पंचगंगेकाठचा एक रहिवासी